ठिणगीची हनुवटी

आमच्या घरात दोन हट्टी बायका आहेत आणि त्यातली एक कुत्री आहे, असं माझा मुलगा म्हणतो. दुसरी कोण ते मात्र तो सांगत नाही, कारण त्याला दोन्ही वेळचं जेवण माझ्या हातचं लागतं.

मी नर्स होते. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची एकवीस सर्जिकल वॉर्डची हेड सिस्टर म्हणून. माझ्या वॉर्डात चादरीला सुरकुती चालत नसे आणि आठचं इंजेक्शन आठ वाजून दोन मिनिटांनी चालत नसे. शिकाऊ मुली पाठीमागे मला काय म्हणायच्या ते मला चांगलं ठाऊक होतं. मी कानाडोळा करायची, कारण नाव मला शोभून दिसत होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी इमारतीत मी सिस्टरच आहे. कोणाचं बोट कापलं की आमची बेल वाजते, आणि बेल वाजली की ठिणगी भुंकते.

ठिणगी माझ्या सुनेची. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लग्नाच्या दोन वर्षं आधी दुकानामागच्या गल्लीत, रिकाम्या खोक्यांच्या ढिगात तिला हे पिल्लू सापडलं. सून आमच्या घरी आली ती एक सूटकेस, दोन कुंड्या आणि ही अठरा किलोंची तपकिरी कुत्री घेऊन. घरात ठिणगीइतकं गरीब कोणी नाही. माझ्या पावलांवर हनुवटी टाकून ती तासन्‌तास पडून राहील, पोळीचा तुकडा दिला तर ओठांनी अलगद उचलेल. बाहेर पाऊल टाकलं की मात्र हिच्या अंगात येतं. हेल्मेट घातलेला माणूस, उघडलेली छत्री, चाकाची बॅग, कुबडी, आणि दुसरं कुत्रं तर पार रस्त्याच्या त्या टोकाला असलं तरी. एकदा ती एका दुकानासमोरच्या कुंडीवर भुंकली. कुंडी आदल्या दिवशी तिथे नव्हती, एवढाच तिचा गुन्हा.

"ती रागीट नाही, आई," सून सांगायची. "तिला सगळं जरा जास्तच लागतं. आवाज, माणसं, सगळंच. आणि लागलं की आवरता येत नाही."

मला हे लाड वाटायचे. सून आणि मुलगा सकाळी आठला बाहेर पडत, त्यामुळे दहाची आणि चारची फेरी माझ्याकडे होती, आणि माझी पद्धत ठरलेली होती. दोरी आखूड, हाताला दोन वेढे. समोरून कोणी आलं की दोरी आणखी आवळायची, तिला मांडीशी दाबून धरायची आणि हलक्या आवाजात म्हणायचं, "काही नाही, काही नाही." याच शब्दांवर मी छत्तीस वर्षं माणसं शांत केली होती. ही मात्र ते ऐकून आणखीच उसळायची. मी निदान करून टाकलं की कुत्रीला वळण नाही, आणि ते निदान सुनेला येता-जाता ऐकवायलाही मी कमी केलं नाही.

एका रविवारी सून तिला विंचरत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"आई, जरा बघता?"

पुढच्या पायाच्या मागे, बरगडीवर, हरभऱ्याएवढी गाठ होती. मी बोट लावायला गेले तर ठिणगी उठून चालती झाली. सुनेनेच पुन्हा चाचपून सांगितलं, मऊ आहे, हलते आहे. मी म्हटलं, मग बरं आहे. आवाज मी व्यवस्थित ठेवला होता, पण गाठी मी आयुष्यभर पाहिल्या आहेत आणि मऊ गाठींनीही मला फसवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मुलगा गाडीत थांबला, कारण रक्त म्हटलं की त्याला घाम फुटतो. डॉक्टर पन्नाशीचे, घाईतले पण हाताने हुशार. त्यांच्या मदतीला एक कंपाउंडर, मिशा एवढ्या भरघोस की सगळे त्यांना मिशीवालेच म्हणतात. सून ठिणगीच्या गळ्याखाली खाजवत होती तेवढ्या वेळात डॉक्टरांनी छातीला नळी लावून घेतली. ऐकताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी गाठीतला नमुना घ्यायला सुई काढली आणि ठिणगी मागे सरकायला लागली.

इथे मी पुढे झाले. कोणी बोलावलं नव्हतं.

"बाजूला हो, मी धरते," मी सुनेला म्हटलं. मानेखाली कोपर, पाठीवर वजन, अगदी पुस्तकात असतं तसं. वाकून मी तिच्या कानाशी म्हटलं, "काही नाही, काही नाही."

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. ट्रे खाली, कापूस हवेत, मिशीवाल्यांची बाही खांद्यापासून टर्रकन फाटलेली. माझ्या मनगटावर चार दात उमटले होते. डॉक्टर बेसिनला पाठ लावून उभे होते आणि ठिणगी टेबलाखाली कोपऱ्यात तोंड घालून इतकी थरथरत होती की तिची नखं फरशीवर वाजत होती.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सिस्टर, हिच्या हृदयाचा आवाज बरोबर नाही," ते म्हणाले. "भूल देऊन नमुना घेतला तर ती उठेलच असा शब्द मी देऊ शकत नाही. जागेपणी घ्यायचा तर निदान पंधरा सेकंद तिने स्थिर राहायला हवं. गाठ चरबीची असेल, नसेलही. मी चार आठवडे थांबतो, वाढली तर आधी या. त्यानंतर मात्र भूल द्यावीच लागेल, आणि मग जे होईल ते."

गाडीत निम्म्या वाटेवर सून म्हणाली, "आई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावणार. सांग."

"ती आधी तुमच्या हाताला घाबरली. सुईला नंतर."

माझा मुलगा एकदम फार लक्ष देऊन गाडी चालवू लागला.

दोन दिवस मी सुनेशी 'मीठ दे' आणि 'पंखा बंद कर' एवढंच बोलले. हात हा माझा अभिमानाचा विषय होता. सर्जन मंडळी नवख्या पोरींना सांगायची, टोचायचं कसं ते सिस्टरकडे बघा. तिसऱ्या दिवशी माझा राग जरा थकला आणि मला जे येतं ते मी करायला घेतलं. चार्ट आखला. वेळ, समोर काय आलं, किती पावलांवर, कान, शेपटी, पाठीवरचे केस, किती वेळ भुंकली, मी काय केलं, शांत व्हायला किती मिनिटं लागली. पेन्सिल खिशात ठेवली आणि दोन्ही फेऱ्या लिहून काढल्या. घरात भुंकली तर तेही लिहिलं.

लिहायचं म्हटल्यावर बघावं लागलं, आणि बघितल्यावर लक्षात आलं की भुंकणं सगळ्यात शेवटी येतं. माणूस असेल तर तीस पावलांवर ती नुसती बघते. पंचविसावर तोंड मिटतं. मग ती नाक चाटते, एक पाय उचलून धरते, अंगाचं वजन मागे नेते. पंधरा पावलांवर स्फोट. म्हणजे ती बिचारी चार वेळा सांगत होती आणि मी पाचव्या वेळेपर्यंत बहिरी होते. पेशंट ओरडण्याआधी नाडी बोलते हे मी पोरींना घोकून घेतलं होतं, आणि इथे माझंच शिकवणं मला लागू करायचं सुचलं नव्हतं.

शनिवारी जेवणं झाल्यावर सुनेने चार्ट मागितला. बराच वेळ ती बोट फिरवत वाचत होती.

"या रकान्यात तुम्ही 'धीर दिला' असं लिहिलंय. म्हणजे काय केलं?"

"म्हणजे दोरी आवळली आणि काही नाही, काही नाही म्हटलं."

"आणि हे गुरुवारचं? 'दहा वीस. घरात. समोर कोणी नाही. दाराकडे धावून भुंकली, दोन मिनिटं.' त्या वेळी तुम्ही काय करत होतात?"

मी आठवून बघितलं. फोनवर होते. माझ्या जुन्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ती घाबरली होती. मी तिला म्हणत होते, अगं, काही नाही, काही नाही.

आम्ही दोघींनी एकदम टेबलाखाली बघितलं. ठिणगी कुशीवर गाढ झोपली होती, जीभ थोडी बाहेर. दार बंद, खिडकी बंद, जिन्यात चिटपाखरू नाही. मी रस्त्यावर म्हणते तशाच हलक्या आवाजात म्हटलं, "काही नाही."

ती ताडकन उठली. केसांची पट्टी मानेपासून शेपटीपर्यंत उभी. आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्या हातांकडे. आणि भुंकायला लागली.

मी ते शब्द कधी म्हणत आले होते? काहीतरी व्हायच्या आधी. रस्त्यावर माणूस दिसला की, दोरी आवळताना, सुई टोचताना. तिच्या लेखी मी धीर देतच नव्हते, मी वर्दी देत होते की आलं, आता काहीतरी वाईट आलं. आणि मग मला वॉर्ड आठवला. पाच नंबरच्या खाटेवर एक लहान मुलगी होती, मी दारातून 'काही नाही' म्हणायचा अवकाश की चादर डोक्यावरून ओढून घ्यायची. मी तिच्या कागदावर लिहिलं होतं, हट्टी आहे. छत्तीस वर्षं मी प्रत्येक सुईआधी सगळ्यांना सांगितलं की काही नाही, आणि दर वेळी काहीतरी होतं. मला लाज वाटली. सुनेसमोर बसून मला खूप लाज वाटली आणि मी ती लपवली नाही.

सुनेने तो विषय ताणला नाही. ती म्हणाली, "आई, मी दुकानात कशी तपासते ते तुम्ही पाहिलंय ना? एक भिंग घालते आणि विचारते, आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं? त्यांनी सांगितलं की पुढचं भिंग."

"आणि उत्तर नाही दिलं तर?"

"थांबते."

"दिवसभर?"

"दिवसभर कोणी गप्प बसत नाही, आई."

रविवारी सकाळी आम्ही सुरुवात केली. बुटक्या स्टुलावर चार घड्यांचा टॉवेल. ठिणगीने आपणहून येऊन त्यावर हनुवटी टेकली की काम सुरू. हनुवटी उचलली की काम बंद, तिथल्या तिथे, हातातलं अर्धवट राहिलं तरी. दटावायचं नाही, परत बोलवायचं नाही. ती येईपर्यंत माझे हात माझ्या मांडीवर.

"म्हणजे पेशंट सांगणार आणि सिस्टर ऐकणार?" मी विचारलं.

"हो."

"वॉर्डात असं केलं असतं तर सकाळच्या ड्रेसिंगला संध्याकाळ झाली असती."

"आपल्याकडे एकच पेशंट आहे."

या मुलीला उत्तरं फार लवकर सुचतात.

पहिल्या दिवशी हनुवटी टॉवेलवर दोन सेकंद राहिली, तीही उकडलेल्या कोंबडीच्या वासाने. दुसऱ्या दिवशी चार. मग मी एकेक गोष्ट आणायला लागले आणि प्रत्येकीचं खरं नाव आधी सांगायचं असं ठरवलं. "हात" म्हटलं की हात बरगडीला लागायचा. "कापूस" म्हटलं की स्पिरिटचा थंड बोळा. "टोचते" म्हटलं की बिनसुईच्या सिरिंजचं टोक. पहिल्यांदा स्पिरिटचा वास आला तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि मी मांडीवर हात ठेवून अकरा मिनिटं बसले. माझ्या हातांना मुंग्या येत होत्या. बाराव्या मिनिटाला ती परत आली. तोंडाला मुसकं घालून घ्यायलाही ती अशीच शिकली, कोंबडीचा तुकडा आत दिसला की नाक आपणच आत. ते मिशीवाल्यांच्या उरलेल्या बाहीसाठी होतं.

रस्त्यावरही सगळं उलटं केलं. दोरी सैल. तीस पावलांवर कोणी दिसलं की थांबायचं, तिला बघू द्यायचं, तिने बघून माझ्याकडे मान वळवली की तुकडा द्यायचा आणि माघारी फिरायचं. सिस्टर भर रस्त्यात अर्ध्यावरून उलट्या का फिरतात यावर इमारतीत चर्चा झाली. एकीने मला विसरण्याच्या आजारावरच्या डॉक्टरचा नंबरही दिला.

दिवसाआड चारच्या फेरीला आम्ही दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर जायचो. मिशीवाले चहाचा पेला घेऊन बाहेर येऊन उभे राहत, पाठ आमच्याकडे करून. तीस पावलांवरून सुरुवात केली. "सिस्टर, हा शर्ट नवा आहे," ते मान न वळवता ओरडून सांगायचे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आम्ही दहा पावलांवर आलो आणि ठिणगीने त्यांच्या चपलेचा वास लांबूनच घेऊन जांभई दिली. ते इतके खूश झाले की चहा सांडला.

मग मी माती केली. सरावाचा अठरावा दिवस, दुपार, घरात आम्ही दोघीच. तोवरचा सगळ्यात चांगला आकडा चौदा सेकंद होता आणि मला पंधरा हवे होते. माझी नजर घड्याळाच्या काट्यावर होती. चौदाव्या सेकंदाला हनुवटी उचलली जाऊ लागली आणि माझा डावा हात आपसूक तिच्या मानेवर गेला. मी तिला धरलं. एकच सेकंद.

ती चावली नाही. माझ्या हाताखालून निसटून सुनेच्या पलंगाखाली गेली. चावली असती तर मी स्वतःला थोडं माफ केलं असतं.

कोणी पाहिलं नव्हतं. न सांगता राहता आलं असतं. पण चार्ट समोर पडला होता आणि त्यात मी लिहिलं, "माझी चूक. धरलं." इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही कागदावर मी असं लिहिलं नव्हतं. संध्याकाळी सुनेने ते वाचलं. रोज मी तिला चहा देते, त्या दिवशी तिने माझ्यापुढे ठेवला. ठिणगी दोन दिवस स्टुलाकडे फिरकली नाही. जेमतेम पाच दिवस हातात, त्यातले दोन मी एका सेकंदापायी घालवले.

तिसऱ्या दिवशी मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरत होते तरी, आणि मटार सोलायला घेतले. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. अर्धी परडी झाली. मागे नखांचा आवाज आला, थांबला, परत आला. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला टॉवेलवर टेकलेली तपकिरी हनुवटी दिसली. मी वाटीतली सगळी कोंबडी तिला दिली आणि वर तिची क्षमा मागितली. मोठ्याने मागितली. शेजारीण जिन्यातून जात होती, तिने ऐकलं असणार, ऐको.

ठरलेला दिवस आला तेव्हा गाठ वाटाण्याएवढी झाल्यासारखं सुनेला वाटत होतं आणि मला तसं वाटत नव्हतं, पण झोप दोघींनाही लागली नव्हती. डॉक्टरांनी दुपारी दोनची, दवाखाना बंद असतानाची वेळ दिली होती. मागच्या दारातून या म्हणाले. मुलगा गाडीत बसून राहिला. त्याने विचारलं, "मी येऊ का?" आणि आम्ही दोघींनी एका सुरात नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला.

खोलीत मांजराचा वास होता. नुकतंच कोणीतरी येऊन गेलं असणार. ठिणगीचं तोंड मिटलं. सून सैल दोरी धरून उभी राहिली आणि आम्ही तिला खोलीभर हवं तेवढं हुंगू दिलं. मी घरून आणलेलं स्टूल ठेवलं, टॉवेल घातला आणि जमिनीवर बसले. मग डॉक्टरांना म्हटलं, "तुम्हीपण खाली बसा."

"खाली?"

"टेबलाचं आणि तिचं जमत नाही."

डॉक्टर खाली बसले. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा मोठ्याने वाजले. मिशीवाले मुद्दाम अर्ध्या बाहीचा शर्ट घालून आले होते आणि भिंतीला चिकटून उभे होते.

ठिणगीने मुसक्यात नाक घातलं. स्टुलाशी आली. हनुवटी टॉवेलवर ठेवली.

"हात," मी म्हटलं, आणि डॉक्टरांचा हात गाठीवर गेला. ती हलली नाही. "कापूस." कातडी थरथरली, हनुवटी तशीच. डॉक्टरांनी सुई उचलली. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत काहीतरी धातूचं धाडकन पडलं.

हनुवटी उचलली गेली.

"धरा सिस्टर, धरा," डॉक्टर म्हणाले. सुई गाठीपासून बोटभर अंतरावर होती. "एका सेकंदाचं काम आहे. धरा ना!"

छत्तीस वर्षं डॉक्टर धरा म्हणाले की मी धरलं. हातांना विचारावं लागत नसे. आताही ते मांडीवरून निघालेच होते, मी ते एकमेकांत अडकवून घेतले.

"नाही डॉक्टर. तिने मान उचलली. हात मागे घ्या."

"अहो, परत अशी संधी मिळणार नाही."

"हात मागे घ्या."

हा आवाज मी वॉर्डातून घरी आणला नव्हता असं मला वाटायचं. डॉक्टरांनी हात मागे घेतला. ठिणगी स्टुलापासून लांब गेली. दाराच्या फटीला नाक लावून तिने मोठा श्वास घेतला. सून दगडासारखी उभी होती, तिच्या हातातली दोरी मात्र सैलच. भिंतीवरच्या घड्याळात वीस सेकंद झाले, तीस झाले. माझ्या मनात आलं की मी या मुलीची कुत्री घालवली. माझ्या एका हट्टापायी ही आता भूल घेऊन झोपेल आणि उठणार नाही, आणि मला या सुनेला आयुष्यभर तोंड दाखवायचं आहे. चाळीस सेकंद. तोंड उघडून काहीतरी गोड बोलावं, तिला बोलवावं असं जिभेच्या टोकावर आलं आणि मी ओठ मिटून धरले.

ठिणगी वळली. आधी तिने डॉक्टरांच्या हातातली सुई बघितली, नीट, ओळख पटल्यासारखी. मग माझ्याकडे बघितलं. चार पावलं चालत आली आणि हनुवटी टॉवेलवर ठेवली.

"टोचते," मी म्हटलं.

सुई आत गेली. तिच्या बरगडीवरची कातडी लाटेसारखी सरकली, डोळे मोठे झाले, माझ्यावरून हलले नाहीत. माझे दोन्ही हात मांडीवर होते. सुनेचे दोन्ही हात सर्वांना दिसत होते. तिला कोणीही धरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी सावकाश दट्ट्या ओढला, सुई बाहेर काढली, आणि हनुवटी तिथेच. "रक्तही घेऊ का?" ते कुजबुजले. "तिला विचारा," मी म्हटलं, आणि तो शहाणा माणूस खरंच टॉवेलकडे बघत थांबला. हनुवटी हलली नाही. पायातून रक्त घेतलं तेव्हाही नाही. मिशीवाले भिंतीपाशी डोळे पुसत होते आणि मला सर्दी झालीय असं कोणी न विचारता सांगत होते. मी सर्दीबिर्दी काही सांगितलं नाही. मी सरळ रडले. वॉर्डात मी कधी कोणासमोर रडले नव्हते.

डॉक्टर काचपट्ट्या घेऊन शेजारच्या खोलीत गेले. "मला इथेच काय दिसतं ते बघतो," म्हणाले. मुसकं काढून आम्ही तिला डब्यातली सगळी कोंबडी घातली. सून माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिने माझा हात धरला, ज्यावर अजून चार दातांच्या फिकट खुणा होत्या. दोघीही दाराकडे बघत होतो.

दार उघडलं.

"चरबी," डॉक्टर म्हणाले. "नुसती चरबी आहे. म्हातारी होईपर्यंत राहू दे तिथेच."

सुनेने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा एका कानावर लोंबकळला. मिशीवाल्यांनी न राहवून दोन्ही हातांनी टाळी वाजवली. ठिणगी ताडकन उठली. पाठीवरचा एकूण एक केस उभा करून ती टाळीवर भुंकली, मिशांवर भुंकली, दारातल्या डॉक्टरांवर, वजनकाट्यावर, घड्याळावर भुंकली. खोली दणाणून गेली. सून एकीकडे रडत, एकीकडे हसत दोरी धरून होती.

"सिस्टर, आवरा तिला!" मिशीवाले भिंतीला चिकटून ओरडले.

"मुळीच आवरणार नाही," मी म्हटलं. "तिने आपलं काम केलंय. आता तिला हवं तेवढं भुंकू दे."